दत्तात्रेय विष्णू पलुस्कर

दत्तात्रेय विष्णू पलुस्कर (२८ मे १९२१ – २६ ऑक्टोबर १९५५) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील ग्वाल्हेर घराण्याचे ख्यालगायक व भजनगायक होते. संगीतवर्तुळात ते ‘बापूराव’ या घरगुती नावानेही ओळखले जात. गायनाचार्य विष्णू दिगंबर पलुस्कर यांचे ते पुत्र. मेंदूज्वराच्या आजाराने वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पहिली ध्वनिमुद्रिका निघाल्यापासून मृत्यूपर्यंतचा काळ जेमतेम अकरा वर्षांचा आहे. तरीही विसाव्या शतकातील अग्रगण्य ख्यालगायकांत त्यांची गणना होते. शास्त्रीय संगीत सामान्य माणसाच्या घरापर्यंत न्यावे, हे वडिलांनी आयुष्यभर उराशी बाळगलेले ध्येय होते. वडिलांनी त्यासाठी विद्यालये काढली व पुस्तके छापली. मुलाच्या बाबतीत ते कार्य तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकांनी व भजनांनी केले.

घराणे व कुटुंब

पलुस्करांचे मूळ आडनाव गाडगीळ. सांगली परिसरातील पलूस या गावावरून त्यांना पलुस्कर हे नाव पडले. दत्तात्रेय यांचे आजोबा दिगंबरबुवा कीर्तनकार होते. वडील विष्णू दिगंबर (१८७२–१९३१) यांचा जन्म कुरुंदवाड येथे झाला. बालपणी फटाक्याच्या स्फोटात त्यांच्या डोळ्यांना इजा होऊन दृष्टी अधू झाली व शालेय शिक्षण थांबले. मग त्यांना मिरज येथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणे शिकण्यासाठी ठेवण्यात आले. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवली होती.

शिक्षण पूर्ण झाल्यावर विष्णू दिगंबर संस्थानिकांच्या आश्रयाला न राहता देशभर फिरले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. १९०८ मध्ये संस्थेचे कार्य मुंबईत सुरू झाले. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली, क्रमिक पुस्तके छापली आणि गुरूच्या मर्जीवर अवलंबून असलेली विद्या वर्गात, ठरावीक अभ्यासक्रमाने शिकवण्याची सोय केली. त्या काळी गवयाला समाजात फारसा मान नव्हता. घरंदाज कुटुंबातील मुलामुलींनी गाणे शिकणे प्रतिष्ठेचे मानले जात नसे. ही परिस्थिती पालटण्यात विष्णू दिगंबरांचा वाटा मोठा आहे. मुंबईतील संस्थेच्या इमारतीसाठी काढलेले कर्ज मात्र त्यांना फेडता आले नाही आणि ती वास्तू हातची गेली. उत्तरायुष्यात ते रामभक्तीकडे अधिकाधिक वळले व नाशिक येथे रामनाम आधार आश्रम स्थापून राहू लागले.

विष्णू दिगंबरांची अनेक अपत्ये बालपणीच दगावली होती. दत्तात्रेय हे त्यांचे जगलेले पुत्र. २१ ऑगस्ट १९३१ रोजी वडिलांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे दहा वर्षांचे होते. ज्या गायकाने शेकडो विद्यार्थी घडवले, त्याच्याकडून त्याच्या स्वतःच्या मुलाला मिळालेली तालीम ही अशा रीतीने केवळ प्रारंभापुरती राहिली.

सांगीतिक शिक्षण

वडिलांच्या पश्चात दत्तात्रेय यांच्या शिक्षणाची जबाबदारी वडिलांच्याच शिष्यांनी उचलली. नात्यातील चिंतामणराव पलुस्कर यांनी त्यांना शिकवले. पुढे विनायकराव पटवर्धन (१८९८–१९७५) आणि नारायणराव व्यास (१९०२–१९८४) या विष्णू दिगंबरांच्या दोन प्रमुख शिष्यांकडे त्यांची तालीम झाली. विनायकरावांनी काही काळ गंधर्व नाटक मंडळीत गायकनट म्हणून काम केले होते. रंगभूमी सोडून त्यांनी १९३२ मध्ये पुणे येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. बाळकृष्णबुवांचे शिष्य यशवंतबुवा मिराशी यांचेही मार्गदर्शन दत्तात्रेय यांना लाभले. त्यामुळे वडिलांच्या पिढीचे व त्याआधीच्या पिढीचेही ग्वाल्हेरचे संस्कार त्यांच्यापर्यंत पोहोचले.

या शिक्षणाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. सामान्यतः शिष्य गुरूच्या घरी राहून विद्या मिळवतो. येथे शिष्यांनी गुरूच्या मुलाला ती परत केली. विनायकरावांचे गाणे जोरकस, लयीच्या अंगाने फुलणारे व तराण्यासाठी नावाजलेले होते, तर नारायणरावांचे गाणे आटोपशीर, चपळ व ध्वनिमुद्रिकांमुळे घरोघरी पोहोचलेले होते. दत्तात्रेय यांनी दोघांकडून विद्या घेतली, पण त्यांचे गाणे दोघांपैकी कोणाचीही नक्कल वाटत नाही.

कारकीर्द

१९३५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, पंजाबातील जालंधर येथील हरिवल्लभ संगीत संमेलनात त्यांनी गायन केले. हे संमेलन देशातील जुन्या संगीतोत्सवांपैकी एक असून जाणकार व कठोर श्रोत्यांसाठी प्रसिद्ध आहे. विष्णू दिगंबरांच्या कार्याचा पाया पंजाबातच घातला गेला होता. तेथील रसिकांपुढे त्यांच्या मुलाने प्रथम उभे राहणे याला वेगळा अर्थ होता. वडिलांच्या नावामुळे दत्तात्रेय यांना व्यासपीठ लवकर मिळाले. मात्र त्याच नावामुळे त्यांच्याकडून असलेल्या अपेक्षाही तितक्याच मोठ्या होत्या.

१९३८ मध्ये आकाशवाणीवरून त्यांचे गायन प्रथम प्रसारित झाले आणि १९४४ मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्यानंतर देशभरातील संगीत संमेलनांत त्यांना आमंत्रणे येऊ लागली. महाराष्ट्राबाहेर, विशेषतः उत्तर भारतात व बंगालमध्ये, त्यांचा चाहता वर्ग मोठा होता.

त्यांच्या कारकिर्दीचा काळ संगीताच्या व्यवहारात मोठे बदल घडवणारा होता. संस्थाने विलीन झाली आणि दरबारी आश्रय संपला. त्याची जागा आकाशवाणी, ध्वनिमुद्रण कंपन्या, संगीत मंडळे व तिकीट काढून येणारा श्रोता यांनी घेतली. विष्णू दिगंबरांनी याच श्रोत्याची कल्पना करून जाहीर मैफली केल्या होत्या. हा श्रोता प्रत्यक्षात तयार झाला, तेव्हा त्याच्यासमोर गाण्यासाठी त्यांचा मुलगा उभा होता.

गायकीची वैशिष्ट्ये

ग्वाल्हेर घराणे हे ख्यालगायकीचे सर्वांत जुने घराणे मानले जाते. या गायकीत बंदिशीला मध्यवर्ती स्थान असते. गायक प्रथम स्थायी व अंतरा स्वच्छपणे मांडतो. त्यानंतर बंदिशीच्याच आधाराने आलाप, बहलावे, बोलअंग व ताना अशा क्रमाने रागाचा विस्तार होतो. राग सहसा प्रचलित व सुबोध असतात. विलंबित ख्यालाची लयही फार संथ नसते, त्यामुळे तालाची चाल श्रोत्याच्या कानातून सुटत नाही.

पलुस्करांच्या गाण्यात हा आराखडा सर्वत्र स्पष्ट दिसतो. त्यांचा आवाज मोकळा, गोड व तिन्ही सप्तकांत सहज फिरणारा होता. स्वर लावताना ओढाताण किंवा चेहऱ्यावर कष्ट दिसू नयेत, असा त्यांच्या गायनाचा स्वभाव होता. शब्दोच्चार स्वच्छ असल्याने बंदिशीचा अर्थ श्रोत्यापर्यंत पोहोचत असे. त्यांची सपाट तान वेगवान असूनही दाणेदार होती. तिच्यातील प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. तानेचा वापर त्यांनी जपून केला. तिने बंदिशीचा तोल ढळू न देणे हे त्यांच्या गाण्याचे मोठे बलस्थान समजले जाते.

ते घराण्याच्या चौकटीत राहूनही इतर गायकींकडे खुल्या मनाने पाहत. स्वराला अधिक काळ थांबू देणे, भावाच्या दृष्टीने एखादी सांगीतिक जागा पुन्हा पुन्हा निरखणे, या गोष्टी त्यांच्या गाण्यात वडिलांच्या पिढीपेक्षा अधिक आढळतात. श्री व गौडसारंग या रागांची त्यांची ध्वनिमुद्रणे आजही विद्यार्थ्यांना आवर्जून ऐकवली जातात. श्री रागातील कोमल ऋषभ हा गायकाची कसोटी पाहणारा स्वर आहे; तो थोडा जरी चढला किंवा उतरला तरी रागाचे गांभीर्य हरवते. गौडसारंगाची अडचण वेगळी आहे. त्याचे चलन वक्र असल्याने स्वर सरळ ओळीने घेता येत नाहीत, आणि द्रुत लयीत ही वक्रता सांभाळणे कठीण जाते. पलुस्करांच्या गायनात दोन्ही राग सोपे वाटतात, आणि यातच त्यांच्या साधनेचा पुरावा आहे.

भजनगायन

ख्यालगायनाइतकीच पलुस्करांची कीर्ती त्यांच्या भजनांमुळे झाली. मैफलीत भजन गाण्याची प्रथा रूढ करण्यात विष्णू दिगंबरांचा पुढाकार होता. तुलसीदास, सूरदास, मीराबाई इत्यादी संतकवींची पदे त्यांनी रागांत बसवून गायिली व शिष्यांना शिकवली. शृंगारप्रधान ठुमरीऐवजी मैफलीचा शेवट भक्तिपदाने करणे, हा समाजाच्या मनातून संगीताविषयीचा संकोच दूर करण्याच्या त्यांच्या प्रयत्नांचाच भाग होता. विष्णू दिगंबरांनी लोकप्रिय केलेली रामधून पुढे राष्ट्रीय चळवळीतील प्रार्थनासभांमध्ये देशभर पोहोचली.

दत्तात्रेय यांनी हा वारसा पुढे नेला. रामाच्या बाललीलेचे तुलसीदासांचे पद, रामनामरूपी धन लाभल्याचा आनंद सांगणारे मीरेचे पद, गंगा-यमुनेच्या तीराकडे मनाला नेणारे पद ही त्यांची भजने ध्वनिमुद्रिकांमुळे भारतभर परिचित झाली. त्यांच्या भजनात रागाची शिस्त कायम राहते, पण ती शब्दांवर कुरघोडी करीत नाही. ताना व हरकती मोजक्या असतात. पदाचा अर्थ प्रथम श्रोत्याच्या मनात ठसावा आणि स्वराने त्याला साथ द्यावी, असे त्यांचे धोरण दिसते. ज्या श्रोत्यांना ख्याल अवघड वाटत होता, त्यांच्यापैकी अनेकांनी ही भजने ऐकून शास्त्रीय संगीताच्या दारात पहिले पाऊल टाकले.

चित्रपटातील गायन

पलुस्करांनी चित्रपटांसाठी फारच थोडे गायन केले. त्यांपैकी विजय भट्ट दिग्दर्शित ‘बैजू बावरा’ (१९५२) हा हिंदी चित्रपट सर्वपरिचित आहे. संगीतकार नौशाद यांनी या चित्रपटासाठी शास्त्रीय रागांवर आधारित चाली बांधल्या. कथेच्या अखेरीस अकबराच्या दरबारात तानसेन आणि बैजू यांच्यात गायनाची स्पर्धा होते व बैजू विजयी ठरतो. हे गीत देसी रागात आहे. तानसेनाच्या भूमिकेतील सुरेंद्र यांच्यासाठी उस्ताद अमीर खाँ यांनी, तर बैजूच्या भूमिकेतील भारतभूषण यांच्यासाठी पलुस्करांनी पार्श्वगायन केले.

अमीर खाँ (१९१२–१९७४) पलुस्करांपेक्षा नऊ वर्षांनी वडील होते आणि त्यांची गायकी पूर्णपणे भिन्न होती. त्यांचा आवाज खर्जाकडे झुकणारा व गंभीर, तर पलुस्करांचा उजळ व चढा. दोन आवाजांतील हा फरक प्रसंगाला पोषक ठरला. कथेप्रमाणे धाकट्या गायकाचा विजय दाखवणे आवश्यक होते. प्रत्यक्ष ऐकताना मात्र ही दोन मोठ्या गायकांची एकमेकांना दिलेली दाद वाटते. शास्त्रीय मैफलीत कधीही न गेलेल्या लक्षावधी प्रेक्षकांनी पलुस्करांचा आवाज ऐकला तो या चित्रपटातच. याशिवाय ‘शापमोचन’ (१९५५) या बंगाली चित्रपटातही त्यांचे गायन आहे. त्याचे संगीत हेमंत मुखर्जी यांनी दिले होते.

चीनचा दौरा व निधन

१९५५ मध्ये भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळाचे सदस्य म्हणून पलुस्करांनी चीनचा दौरा केला. स्वातंत्र्योत्तर काळात शेजारी देशांशी स्नेह वाढवण्यासाठी अशी शिष्टमंडळे पाठवली जात आणि त्यांत निवडक कलावंतांचा समावेश असे. त्याच वर्षी त्यांना मेंदूज्वराने गाठले व २६ ऑक्टोबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

मेंदूज्वर म्हणजे मेंदूच्या पेशीजालाला येणारी सूज होय. बहुधा विषाणूंच्या संसर्गामुळे हा आजार होतो. तीव्र ताप, डोकेदुखी, झटके व शुद्ध हरपणे ही त्याची लक्षणे आहेत आणि रोग्याची स्थिती अल्पावधीत चिंताजनक होऊ शकते. विषाणूंवर थेट परिणाम करणारी औषधे त्या काळी वैद्यकशास्त्राजवळ नव्हती. त्यामुळे धडधाकट वयातील माणूसही या आजाराला सहज बळी पडत असे.

ध्वनिमुद्रणे

पलुस्करांचे गाणे आज ज्या स्वरूपात उपलब्ध आहे, त्याच्या मर्यादा त्यांच्या मृत्यूच्या काळाशी निगडित आहेत. त्यांच्या हयातीत भारतात ध्वनिमुद्रिका म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणारी लाखेची तबकडी. तिच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. ज्या ख्यालाला मैफलीत पाऊण तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो, तो या अवधीत बसवणे हे वेगळेच कौशल्य होते. रागाचे रूप पहिल्या काही क्षणांत उभे करणे, बंदिश पूर्ण म्हणणे, निवडक आलाप व ताना घेणे आणि तबकडी संपण्याच्या आत समेवर येऊन थांबणे, हे सर्व आधी योजून ठेवावे लागे.

पलुस्करांना हे कौशल्य पुरेपूर साधले होते. ग्वाल्हेर गायकीत बंदिश नीटनेटकी मांडण्यावर असलेला भर त्यांच्या कामी आला. त्यांच्या तबकड्यांत घाई जाणवत नाही आणि काही राहून गेल्यासारखेही वाटत नाही. राग थोडक्यात पण संपूर्ण कसा मांडावा, याचे उदाहरण म्हणून शिक्षक त्यांचा उपयोग करतात.

एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन सामावणारी दीर्घ तबकडी पाश्चात्त्य देशांत १९४८ मध्ये आली. भारतात ती रूढ होईपर्यंत पलुस्करांचे निधन झाले होते. त्यांच्या समवयस्कांना या साधनाचा पुरेपूर लाभ झाला. पलुस्करांना तो मिळाला नाही. आकाशवाणीवरील व मैफलींतील त्यांची काही ध्वनिमुद्रणे पुढे दीर्घ तबकड्या, ध्वनिफिती व सीडी यांच्या रूपाने प्रकाशित झाली. त्यांवरून त्यांच्या दीर्घ ख्यालाची कल्पना येते. मात्र एका मोठ्या गायकाच्या पूर्ण संग्रहाच्या तुलनेत हे धन थोडेच आहे.

समकालीन व मूल्यमापन

पलुस्करांच्या अकाली मृत्यूने किती हानी झाली, याचा अंदाज त्यांच्या समवयस्कांकडे पाहिल्यास येतो. वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) त्यांच्याहून एका वर्षाने मोठे, भीमसेन जोशी (१९२२–२०११) एका वर्षाने लहान, तर कुमार गंधर्व (१९२४–१९९२) तीन वर्षांनी लहान. या तिघांच्याही गायनाची जी परिपक्व रूपे आज सर्वांना ठाऊक आहेत, ती मुख्यत्वे १९५५ नंतरची आहेत. भीमसेन जोशींची अभंगवाणी किंवा कुमार गंधर्वांचे निर्गुणी भजनांचे गायन हे त्यांच्या चौतिसाव्या वर्षी थांबले असते, तर महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनाचे चित्र वेगळे दिसले असते. कुमार गंधर्वांचे उदाहरण विशेष बोलके आहे. ऐन तारुण्यात क्षयरोगाने त्यांना काही वर्षे गाणे थांबवावे लागले. नवी औषधे नुकतीच उपलब्ध झाली होती, त्यातून ते सावरले व नव्या गायकीसह परतले. पलुस्करांच्या आजाराने तशी सवलत दिली नाही.

अल्पायुषी कलावंताच्या बाबतीत दोन टोकांची मते संभवतात. एक म्हणजे हळहळीच्या भरात त्याच्या प्रत्येक कृतीला असामान्य ठरवणे. दुसरे म्हणजे तो जगता तर काय करता, या कल्पनेतच रमणे. पलुस्करांच्या गायनाला यांपैकी कशाचीही गरज नाही. जे उपलब्ध आहे, त्यात एक तयार, संयमी व स्वतःची वाट सापडलेला गायक स्पष्ट दिसतो. त्यांच्या काही समकालीनांप्रमाणे त्यांनी परंपरेशी झगडा मांडला नाही. परंपरा त्यांच्या गळ्यात प्रसन्न व ताजी झाली. त्यांचे गाणे पुढे कोणत्या दिशेने गेले असते, याचे उत्तर त्यात मिळत नाही, मात्र त्याची घडण पूर्ण झालेली आहे.

वारसा

विष्णू दिगंबरांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये अहमदाबाद येथे एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या परीक्षा आजही देशातील असंख्य केंद्रांवर घेतल्या जातात. त्यांची तयारी करणारे विद्यार्थी पुस्तकातील स्वरलिपीवरून बंदिश पाठ करतात. लिपीत स्वर व मात्रा नोंदवता येतात. आवाजाचा लगाव, मींड आणि शब्दाचा भाव तिच्यात मावत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी अनेक शिक्षक विद्यार्थ्यांना ग्वाल्हेर परंपरेतील ध्वनिमुद्रणे ऐकायला सांगतात, आणि त्यांत दत्तात्रेय पलुस्करांचे नाव अग्रक्रमाने येते. वडिलांनी छापलेल्या स्वरलिपीत जे उतरवता आले नाही, ते मुलाच्या तबकड्यांत ऐकायला मिळते.